सातवी ब मधली घंटी

"मुलींच्या ओटीपोटात गर्भाशय नावाचा एक अवयव असतो," मिस म्हणाल्या.

टण्ण.

मिसनी तोंड मिटलं. शेवटच्या बाकावर वसतिगृहाच्या सिस्टर ताठ बसल्या होत्या. मांडीवर जपमाळ, हातात पितळेची छोटी घंटी. सत्तरीच्या सिस्टरांना सातवीचा बाक गुडघ्यात टोचत होता, पण तक्रार चेहऱ्यावर नव्हती. सगळी तक्रार घंटीत होती.

"बरं. तर तो असतो," मिस म्हणाल्या. "त्याचं जे काही असतं ते वेळच्या वेळी होतं. आता हात कसे धुवावेत ते पाहू."

वर्ग कण्हला. हात धुणं त्यांना तोंडपाठ होतं. या सत्रात सातवी ब इतके स्वच्छ हात अख्ख्या शाळेत कुणाचे नव्हते.

विषयाचं नाव होतं 'आरोग्य आणि नातेसंबंध'. तो विज्ञानाच्या मिसच्या गळ्यात पडला, कारण त्या सगळ्यात नवीन होत्या. प्रिन्सिपल फादर म्हणाले होते, "विषय शिकवायलाच हवा, वरून आदेश आहे. फक्त मुलांना फार काही कळू देऊ नका." मग पुढे म्हणाले, "आणि हो, वसतिगृहाच्या सिस्टर तुमच्या तासाला बसतील." एवढं बोलून ते खोकले. या शाळेत फादरांच्या खोकल्याला परिपत्रकाचं वजन होतं. मिस काय समजायचं ते समजल्या.

पहिल्याच तासाला घंटी वाजली, 'संप्रेरक' या शब्दाला. मिसनी जीभ चावली आणि पुढे उडी मारली. मग 'परस्पर संमती'ला वाजली. मिसनी तोही धडा गुंडाळला. सिस्टरांच्या डोक्यात सभ्यतेची रेघ कुठे आहे, हे मात्र कुणालाच उमगेना. 'चुंबन' हा शब्द बिनबोभाट निघून गेला. पुढच्याच वाक्यात मेंदूच्या तळाशी असणारी 'पीयूषिका ग्रंथी' आली आणि घंटी दोनदा वाजली. चुंबन सभ्य आणि पीयूषिका असभ्य, एवढं त्या दिवशी वर्ग शिकला. मधल्या सुट्टीत मैदानावर दोन मुलं एकमेकांना "तुझी पीयूषिका!" म्हणत भिडली. दोघांना शिक्षा झाली. शिक्षा देणाऱ्या पीटीच्या सरांना पीयूषिका म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण ऐकायला वाईट वाटलं म्हणाले.

मिस जितक्या चपळाईने पुढे जात, तितकी घंटी जोरात वाजे.

एकदा घरी आईनं विचारलं, "आज काय शिकवलंस गं?"

"हात धुवायला."

"सातवीतल्या घोड्यांना?"

"हो. परत."

"मग तुझ्यापेक्षा साबण बरा," आई म्हणाली. "पगार तरी मागत नाही."

आज सत्राचा शेवटचा तास होता. मिसनी ठरवलं होतं, आज पाळीचा धडा पुरा करायचाच. पण गर्भाशयाशीच घंटी वाजली आणि पाय आपोआप वर्गाच्या कोपऱ्यातल्या नळाकडे वळले. साबणाचा फेस कोपरापर्यंत पोचला तेव्हा पहिल्या बाकावरचा हात वर झाला. वसतिगृहातली मुलगी होती. इतकी हळू बोलायची की वर्गानं तिचं नाव 'चिमणी' ठेवलं होतं.

"मिस, ते ज्याला होतं, तो किती दिवस जगतो?"

वर्ग खो खो हसला. चिमणी हसली नाही. तिनं स्वेटर कमरेला घट्ट बांधला होता. मिसनी स्वेटर पाहिला. त्यांनी तडक शेवटच्या बाकाकडे पाहिलं. घंटी गप्प होती. सिस्टरांनी मान खाली घातली होती.

तेवढ्यात मधली सुट्टी झाली. मिसनी सिस्टरांना व्हरांड्यातच गाठलं.

"सिस्टर, एक तर तुम्ही बसा, नाही तर मी शिकवते. दोन्ही एकदम होणार नाही. ती पोर आपण मरणार म्हणून बसलीय!"

"माहितेय मला," सिस्टर म्हणाल्या. "काल माझ्याकडेच रडत आली होती. दर वर्षी एखादी येते. मला लहानपणी जे सांगितलं तेच मी सांगते. गप्प राहा, प्रार्थना कर. याच्यापुढे मलाच काही येत नाही हो! म्हणून तर यंदा फादरांच्या मागे लागले, मला त्या तासाला बसू द्या. आता त्यांच्याकडेच निघालेय. दुसऱ्या मिस द्या म्हणून सांगायला."

मिसचा आ वासला. "मग ती घंटी?"

"तिचं काय?"

"ती कशाला वाजवता?"

सिस्टरांनी घंटीकडे पाहिलं, मग मिसकडे. या बाईला एवढंही कळू नये, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

"आमच्या मठात जेवताना बोलायचं नसतं. एकजण पुस्तक वाचते, बाकीच्या ऐकतात. जिला कळलं नाही तिनं घंटी वाजवायची, की वाचणारी तीच ओळ पुन्हा सावकाश वाचते." सिस्टरांनी घंटी मिसच्या नाकासमोर धरली. "पन्नास वर्षांत घंटी ऐकून एकही वाचणारी पुढे पळाली नव्हती. मी हात दुखेपर्यंत वाजवली, मिस, आणि तुम्ही दर वेळी हात धुवायला गेलात!"