पाचांतली एक

ताई पाच वेळा आली होती. एकाखाली एक, स्क्रीनवर.

फुकटात काम करणारा संगणकवाला प्रत्येक घराण्यात एक असतोच. या घरात तो मान धाकट्याकडे होता. मामांच्या फर्मानावरून रविवारच्या दुपारी तो सगळ्या नातेवाइकांच्या फोन नंबरांचं वेबपान बनवत होता. माणसं एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, नंबर दुसऱ्यात. दोन्ही टेबलं जोडली, आणि हे झालं.

आई चष्मा पुसत मागे येऊन उभी राहिली.

"ही पाचदा कशी?"

"तिचे पाच नंबर झाले ना आजवर. प्रत्येक नंबराबरोबर नाव पुन्हा येतं. संगणकाला काय, नवा नंबर म्हणजे नवी ताई."

"आणि तू?"

"मी एकदाच. मी कुठे गेलोच नाही."

"तेही खरंच." आईने स्टूल ओढलं. "दोन वर्षांत एकदाही फिरकली नाही. आता आली ती अशी, लाटेसारखी."

"चूक आहे ती, आई. काढतोय."

दुरुस्ती चार ओळींची होती. वरच्याच माणसाचं नाव असेल तर ते पुन्हा छापायचं नाही, नुसता नंबर खाली लिहायचा. त्याने पान पुन्हा उघडलं. ताई एकदाच आली, पाचही नंबर पदरात घेऊन. पान अगदी नेटकं दिसत होतं. आईला ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.

"यातला चालू कुठला?"

"शेवटचा. पण ती कामात असते. करेल ती सवडीने."

"शेवटच्यावर रोज करते मी." आईने मोबाइल उचलला. "आज वरून सुरुवात करते."

"अगं, वरचे सगळे जुने आहेत."

तोवर आईने पहिला नंबर लावलाही होता, स्क्रीनकडे न बघता.

बाहेरच्या खोलीत, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे, बंद करू-करू म्हणत राहून गेलेला घरचा जुना फोन वाजायला लागला. धाकटा उठू लागला. आईने त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

फोन वाजत राहिला.

"थांब," मोबाइल कानाशी धरून ती हळू आवाजात म्हणाली. "घरी असेल तर उचलेल."