उसना गडी

ट्रकमधून हॅडली कॉलेजचे नऊच खेळाडू उतरले. लिंडक्विस्ट सरांनी दोनदा मोजले. ट्रक गुरं नेण्याचा होता, पोरांच्या केसांत गवत अडकलं होतं. दहावा उतरला तो त्यांचा कोच मॅकब्राइड, आणि त्याची साठी उलटली होती.

चौघे जण गुरुवारीच नौदलाच्या हुकमाने निघून गेले, असं मॅकब्राइडने सांगितलं. उरलेल्यांना इथवर यायला मिळावं म्हणून चर्चच्या बायकांनी युद्धामुळे मोजून मिळणारी आपापली पेट्रोलची कुपनं काढून दिली होती. परत जा म्हणालात तर जाऊ, तो म्हणाला, पण त्या बायकांना काय तोंड दाखवू ते तुम्हीच सांगा.

हा अमेरिकन फुटबॉल, हाताने चेंडू फेकायचा, झेलायचा आणि घेऊन पळायचा. नियम सरळ होता. अकरा भरले नाहीत तर सामना यजमानांचा. आणि यजमान एल्मरिज कॉलेजला विजयाची फार नड होती. मोसमातले पाचही सामने ते हरले होते आणि हा शेवटचा. १९०२ पासून एकही वर्ष विजयावाचून कोरडं गेलं नव्हतं. खरा कोच युद्धावर गेला, म्हणून वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या लिंडक्विस्ट सरांच्या गळ्यात हे लोढणं पडलं होतं. आता चाळीस वर्षांची अब्रू त्यांच्याच हातून जायची पाळी आली होती. दर शनिवारी संध्याकाळी ते आघाडीवर गेलेल्या जुन्या कप्तानाला, रॉस्कोला, पत्र लिहीत. पहिल्या ओळीतच निकाल. रॉस्कोने उलट लिहिलं होतं, की एक तरी जिंका सर, माझ्या शेजारच्या खाटेवर एक हॅडलीवाला आहे, त्याने मला जगणं नकोसं केलंय.

सरांकडे तेरा गडी होते. त्यांनी एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा आपल्या पोरांकडे.

"दोन आमचे घ्या," ते म्हणाले.

उदारपणा खराच होता, पण सर काही अगदी भोळे सांब नव्हते. द्यायचाच तर बिनकामाचा द्यावा, म्हणून त्यांनी पहिलं बोट लोवेलकडे दाखवलं. चष्मा काढला की लोवेलला दहा पावलांवरचा बैल दिसत नसे. त्यापायी सैन्याने त्याला परत पाठवलं होतं आणि ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. संघात त्याचं काम चेंडू झेलण्याचं. संघाचा चेंडू फेकणारा ड्वेन दोन महिने त्याच्याकडे फेकत होता आणि एकही चेंडू त्याच्या हातात टिकला नव्हता. पण दुसरा झेलणारा आणायचा कुठून?

हॅडलीचा निळा सदरा चढवताना लोवेलने विचारलं, "सर, मला काढून टाकलंत का?"

"उसना दिलाय. संध्याकाळी परत घेणार आहे."

खेळ संपायला दोन मिनिटं उरली तेव्हा एल्मरिज सहा, हॅडली शून्य. चेंडू ड्वेनकडे होता. छातीशी धरून बसा, असं सरांनी सगळ्यांना बजावलं होतं. पण हॅडलीच्या तिघांनी ड्वेनला घेरलं. मग त्याने दोन महिने जे केलं तेच केलं. न बघताच डाव्या कोपऱ्याकडे चेंडू भिरकावला. लोवेलही सवयीने तिथेच धावत गेला होता. चेंडू त्याच्या पोटावर आदळला आणि या वेळी तिथेच राहिला.

लोवेल चेंडू कवटाळून उभा राहिला. मग तोही सवयीनेच फिरला आणि एल्मरिजची पोरं ज्या दिशेला धावतात त्या दिशेला त्याने दोन पावलं टाकली. म्हणजे हॅडलीच्या नेमकी उलटी. सर गप्प बसले असते तरी चाललं असतं. कोणी त्यांना बोल लावला नसता.

"उलटा फिर, लोवेल!" सर बाकावरून उठून ओरडले. "इकडे नाही, तिकडे! पळ, पोरा, पळ!"

लोवेल पळाला. चाळीस यार्ड पळाला. ड्वेन मागे लागला खरा, पण हसू आवरेना, त्यामुळे दमही पुरेना. रेषेपार जाऊन हॅडलीचे सहा गुण झाले तरी लोवेल थांबलाच नाही, पार कुंपणापर्यंत गेला. हॅडलीच्या कोणीतरी मग लाथेने चेंडू खांबांमधून मारून वरचा एक गुण मिळवला. सात-सहा. लोवेलला खांद्यावर घेणाऱ्यांत निळे सदरे किती आणि एल्मरिजचे किती, ते सरांना सांगता आलं नसतं. त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी ते पत्र लिहायला बसले. आघाडीवरच्या पत्रांसाठी सरकारचा ठरलेला एकच कागद मिळे. सरांनी या खेपेला निकालाने सुरुवात केली नाही. ड्वेनने कसा फेकला, लोवेलने कसा झेलला, कसा पळाला, सगळं बारकाव्यांनिशी लिहिलं. कॉफी घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोने, हिल्माने, वाकून सगळं वाचलं.

"आणि कोण जिंकलं ते?"

"कागद संपला," सर समाधानाने म्हणाले. "ते सांगायला तो हॅडलीवाला आहेच तिकडे."