एकशे त्रेसष्ट सह्या

“मग तुम्हीच का नाही दुरुस्त करत?” तिने फोनवर विचारलं.

पलीकडे एका कचेरीतला टेलिफोन ऑपरेटर होता, जन्मापासून अंध. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा तिच्या कंपनीचा प्रोग्राम तो रोज वापरायचा आणि रोज चिडायचा, कारण दुपारचे बारा वाजले की प्रोग्राम ‘मध्यरात्र’ म्हणायचा.

“मी? अहो बाई, मी फोन जोडून देणारा माणूस. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“कोड सगळ्यांना खुलं आहे. मी ओळ दाखवते, तुम्ही बदला. चुकलं तर मी बसलेय ना इथे.”

पावणेदोन तास लागले आणि चार ओळी बदलल्या. तिने त्या तपासून प्रोग्राममध्ये घेतल्या आणि हातभार लावणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव चढवलं. ते त्याने कॉम्प्युटरकडून तीनदा वाचून घेतलं. पुढच्या आठवड्यात पठ्ठ्याने आपणहून आणखी दोन दुरुस्त्या पाठवल्या.

“माणसं बरी गोळा करतेस,” केबिनच्या दारातून थोरला म्हणाला. “तीही फुकटात.”

थोरला म्हणजे तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ आणि कंपनीचा मालक. प्रोग्राम लिहिला होता तिच्या नवऱ्याने, सहा वर्षं खपून. तो अंथरुणाला खिळला आणि त्याच महिन्यात थोरल्याने पहिल्या पानावरचं त्याचं नाव काढून स्वतःचं घातलं. नवऱ्याने ते पडल्यापडल्या पाहिलं. आठ दिवसांनी तो गेला. कागदोपत्री सगळं कंपनीचंच होतं. सांत्वनाला आलेल्यांसमोर थोरल्याने तिला नोकरी देऊ केली, तेव्हा लोकांनी त्याच्या मोठेपणाचं कोण कौतुक केलं!

ती काही विसरली नव्हती. माफ तर मुळीच केलं नव्हतं. त्याचा नुसता आवाज ऐकला तरी तिच्या मस्तकात तिडीक जायची. पण रोज नऊच्या ठोक्याला हजर, आणि तोंडी ‘हो दादा, बरं दादा’.

“दादा, या लोकांकडून एखादा कागद लिहून घ्यायचा का?” तिने विचारलं. “त्यांनी लिहिलेलं कायद्याने त्यांचंच राहतं म्हणे.”

“फुकट राबणाऱ्याला कागद दाखवलास तर पळ काढेल. आणि वकील काय हवेवर जगतात?”

“बरं दादा.”

मग ती हात धुऊन कामाला लागली. तक्रार आली की निमूट ऐकून घ्यायची आणि तक्रार करणाऱ्यालाच जुंपायची. एका शिक्षिकेने प्रोग्रामला गणिताची चिन्हं वाचायला शिकवली. एका मालिशवाल्याने वाचनाचा वेग सुधारला. एका आजींना ‘चूक’ म्हणताना तो खेकसतो असं वाटायचं. त्यांनी नातीला शेजारी बसवून त्याला नरमाईने बोलायला लावलं. चार वर्षांत यादी एकशे त्रेसष्टवर गेली. थोरल्याच्या हाती आलेलं जुनं कोड आता औषधालाही उरलं नव्हतं.

आणि गिऱ्हाईक आलं. एका बड्या कंपनीला प्रोग्राम विकत घेऊन कुलूपबंद करायचा होता. पुढे वापरेल त्याने दाम मोजायचा. त्यांच्या वकीलबाईंची एकच अट होती. हातभार लावलेल्या प्रत्येकाने हक्क सोडल्याची सही हवी, एकही कमी चालणार नाही.

थोरल्याचं तोंड पडलं. त्याने तिला केबिनमध्ये बोलावून चार वर्षांत पहिल्यांदा चहा पाजला.

“तुझं ऐकतात ते सगळे. एवढं कर. शेवटी घरचंच आहे ना?”

“मजकूर कोण लिहून देणार, दादा?”

“तूच खरड चार ओळी. हक्क सोडतो म्हणावं, झालं.”

ती दारोदार फिरली. ऑपरेटर तर नुसता पेटला.

“विकणार? मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? आणि सही मागायला तुम्ही आलात, बाई? तुम्ही?”

“हो, मीच,” ती म्हणाली आणि तिने त्याला कागद वाचून दाखवला.

त्याने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाला, “कुठे करू सही?”

तिने त्याचं बोट जागेवर नेऊन ठेवलं.

सव्वा महिन्याने टेबलावर एकशे त्रेसष्ट कागदांची चळत होती. थोरल्याने कागद नुसते मोजले होते आणि नवा कोट घातला होता.

“म्हटलं नव्हतं? घरची माणसं ती घरचीच,” तो वकीलबाईंना म्हणाला.

वकीलबाईंनी पहिला कागद वाचला. दुसरा वाचला. मग मधलाच एक उपसला, शेवटचा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

“सगळ्यांनी हक्क सोडलेत. एकही कमी नाही.”

“मग? करायच्या सह्या?”

“‘माझ्या कामाचे सर्व हक्क,’” वकीलबाईंनी मोठ्याने वाचलं, “‘हा प्रोग्राम मुळात ज्याने लिहिला, त्याच्या पत्नीला मी राजीखुशीने देत आहे.’” मग थोरल्याकडे न बघता त्या तिच्याकडे वळल्या. “बोला बाई, विकायचंय का तुम्हाला?”