भिंगरी ओळखेल

"मांजर उठू दे, मग बोलू," म्हातारी म्हणाली आणि तिने दाराची वरची कडी लावली. "वाऱ्याने आपटतं ते."

नुकतीच आत आलेली तरुणी कोचाच्या कडेला टेकली. आई, आई, आई, असं तिने मनातल्या मनात घोकलं. तोंडाला सवय व्हायला हवी होती.

भर दुपार होती. खोली नीटनेटकी. स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं रटरटत होतं, एकट्या बाईच्या मानाने बरंच मोठं.

"चौदा वर्षं," म्हातारी समोर बसत म्हणाली. "दळण आणायला गेलेलं माणूससुद्धा इतका वेळ लावत नाही."

"चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"तुला न सांगता गेले. परीक्षेवरून बोललीस ते मनाला लागलं."

"आणि जाताना काय नेलंस?"

"तुझा निळा स्वेटर. हाच."

सगळं बरोबर होतं. म्हातारीची खरी लेक चिंगी वसतिगृहात सहा वर्षं तिच्या शेजारच्या खाटेवर निजत होती आणि निजेपर्यंत घरच्याच गोष्टी सांगत होती. कुठल्या पडद्याला ठिगळ आहे, जिन्याची कितवी पायरी करकरते. चार खाटांच्या त्या खोलीत सगळ्यांनाच ते घर पाठ झालं होतं. गेल्या हिवाळ्यात चिंगी तापाने गेली. पुढे बाकीच्या दोघीही एकामागून एक खोली सोडून गेल्या. राहायला बरी जागा मिळाली, म्हणाल्या.

चिंगीच्या घरी कळवायचं हिच्यावर आलं होतं. ती पत्र लिहायला बसली आणि 'आई' या शब्दापाशीच अडली. तो शब्द तिने आजवर कुणाला लिहिला नव्हता. आधी अनाथालय, मग लॉन्ड्रीत इस्त्री, मग ही खाट; आपलं म्हणावं असं दार तिला ठाऊकच नव्हतं. पत्र तसंच पडून राहिलं. शेवटी एक दिवस तिने लिहिलं, "मी चिंगी. घरी येऊ का?"

एका ओळीचं उत्तर आलं. "ये. भिंगरी ओळखेल."

भीती होती ती त्या भिंगरीचीच. तिचा बाप रानमांजर आणि आई घरातली. डोळे उघडायच्या आत चिंगीने तिला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं, त्यामुळे ती चिंगीची आणि फक्त चिंगीची. दुसऱ्या कुणी हात लावला, की रक्त काढायची. चिंगीच्या आईच्या मनगटाला तर चार टाके पडले होते. अशी मांजरं वीस वर्षंसुद्धा जगतात, हे तिने पुस्तकात शोधून वाचलं होतं. आठवडाभर ती चिंगीचा स्वेटर अंगात घालून झोपली होती. मांजराला बोलावताना चिंगी टाळूला जीभ लावून जो आवाज काढायची, तो तिने इस्त्री फिरवता फिरवता घोटला होता.

आतल्या खोलीतून मांजर आलं. लांब पाय, अंगभर ठिपके, कानांमागे पांढरा डाग. पावलांचा आवाज नव्हता. खोलीच्या मधोमध थांबून ते तिच्याकडे बघत राहिलं. त्या बघण्यात पाळीव असं काही नव्हतं.

तिने जीभ टाळूला लावली. आवाज अर्धाच निघाला.

"हात पुढे कर," म्हातारी म्हणाली. "माणसं पढवून घेतात. तिला कोण पढवणार?"

तिने हात पुढे केला. मांजराने बोटं हुंगली, स्वेटरची बाही हुंगली. मग एका उडीत ते मांडीवर आलं, दोनदा गोल फिरलं आणि अंग मुडपून बसलं. घरघर सुरू झाली.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "ओळखलं गं मला, आई."

म्हातारी उठून तिच्या शेजारी येऊन बसली.

"किती पटकन बसली," ती म्हणाली. "भिंगरी अशी नव्हती."

"नव्हती?"

"भिंगरी आठव्या वर्षीच गेली. ही तिच्या लेकीची लेक, नाव तेच ठेवलं. दर पिढीला रान जरा जरा उतरत जातं बघ. भिंगरीला एकच माणूस लागायचं. तिच्या लेकीला दोघं-तिघं चालायची. ही कुणाच्याही मांडीवर बसते." म्हातारीने मांजराच्या पाठीवरून हात फिरवला. "माझंही तसंच होत गेलं."

तिला उठायचं होतं. मांजराने हळूच, न बघता, तिच्या मांडीत नखं रुतवली.

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्हाला काय? आईला कुणी अहो-जाहो करतं का? होईल सवय, दोन दिवसांत."

म्हातारी उठली. तिने गॅस बंद केला, जिन्यापाशी जाऊन मान वर केली आणि हाक मारली, "चिंगे, जेवायला चल."

वरून दोन आवाज एकदम आले, "आले गं आई."