तोफांसमोरचं घर

तीन तोफांची तोंडं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे होती आणि केझाया रकरला त्यांच्याकडे पाठ करून पीठ मळणं जमत नव्हतं. ती वळायची. मळायची. पुन्हा वळायची.

अमेरिकेतली यादवी. नदीपलीकडच्या टेकडीवर दक्षिणेच्या तोफा. नदीअलीकडे, तिच्या अंगणात, उत्तरेचे सैनिक. मध्ये हे घर, आणि घराच्या माडीवर तिची लेक लविनिया. कालपासून कळा देत होती. हिला हलवलीत तर जिन्यातच जाईल, असं उत्तरेचा डॉक्टर म्हणाला होता आणि घोड्यावर बसून निघून गेला होता.

केझाया जन्मानं व्हर्जिनियाची, म्हणजे दक्षिणेचीच. जावई दक्षिणेच्या फौजेत. पण तोफगोळ्याला हे सांगणार कोण?

अंगणातल्या तुकडीचा सार्जंट स्टोल्ट्झ. पेनसिल्व्हानियाचा शेतकरी, दाढीत कायम भुसा. त्यानं स्वतःची गादी कुणी न मागता माडीवर नेऊन टाकली होती. सुईण पलीकडच्या काठाला राहते, असं केझायानं सांगितलं तेव्हा त्यानं डोकं खाजवलं. शत्रूच्या काठाला बाईमाणसाला सोडायचं म्हणजे वरून बोलणी खावी लागणार. मग त्यानं होडीवर निशाण म्हणून बांधायला आपला पांढरा सदरा काढून दिला.

"एवढा एकच धुतलेला आहे, मावशी. सुईण नाही मिळाली तरी चालेल, सदरा परत आणा." केझाया हसली नाही, तसा तो ओशाळला. "नाही, सुईण आणाच."

होडी. गार पाणी. वल्ह्यागणिक वर पाहणं.

सुईण घरीच होती. सामान बांधते, जरा टेका, म्हणाली. केझायाला टेकवेना. ती टेकडी चढायला लागली.

कुंपणापाशी पहारेकऱ्यानं तिला अडवलं. इथून पुढे नाही. तिथून तोफा दिसत होत्या, काळ्या, ओळीनं. एक गोलंदाज मधल्या तोफेवर घोड्यावर बसावं तसा बसून चिलीम ओढत होता. त्यानं चिलीम तोफेवरच ठोकून झाडली. निखारे उडाले. शेजारी दारूच्या पेट्या रचलेल्या. केझाया दोन पावलं मागं सरली.

"घाबरू नका, मावशी," तो म्हणाला. "आमच्या तोफा फार गुणी आहेत. उगाच नाही भडकत."

बाकीचे हसले. त्यांचा कॅप्टन पेटस कुंपणाशी आला. निखाऱ्याबद्दल तो त्या माणसाला काहीच बोलला नाही. बोटांचं काळं फडक्यानं पुसत राहिला, ते निघत नव्हतं.

केझायानं सगळं सांगितलं. लेक, कळा, जिना, जावयाची पलटण. तो टोपी काढून ऐकत होता. मग म्हणाला की उद्या उजाडता नदी ओलांडायचा हुकूम आहे. समोरच्यांचे अधिकारी तिच्या ओसरीवर बसतात, तेव्हा पहिला गोळा तिथंच पडणार. त्याला वाईट वाटतं.

"मला फक्त पलीकडे जायचंय, बाई. तोफा डागून, नाहीतर न डागता."

एवढं बोलून त्यानं टोपी परत डोक्यावर चढवली.

ती पायवाटेपर्यंत गेली. परत आली. पुन्हा गेली. जुन्या पाणचक्कीमागं डोह आहे असं सगळ्या उत्तरवाल्यांना वाटायचं. डोह नव्हता. खाली सपाट खडक होता आणि पाणी गुडघाभर. तिचा नवरा जिवंत असताना तिथून गुरं नेत असे.

ती परत आली आणि तिनं सांगितलं.

पहारा आहे का तिथं, त्यानं विचारलं.

"चक्कीत थोडी माणसं झोपतात. दमलेली असतात. ती शरण येतील, त्यांना मारू नका."

"तुमच्या घरावर गोळा पडणार नाही," कॅप्टन म्हणाला. "हा माझा शब्द."

दुसऱ्या गोष्टीबद्दल त्यानं शब्द दिला नाही. तिच्या ते होडीत बसल्यावर लक्षात आलं. सुईण काहीतरी बोलत होती.

काठावर स्टोल्ट्झनं ओला सदरा तसाच अंगात चढवला. तिकडचे काय म्हणतात, त्यानं विचारलं. काही नाही, ती म्हणाली. तो टेकडीकडे बघत राहिला. "त्या तोफा नसत्या ना, तर आम्ही केव्हाच वर असतो." मग आपली माणसं घेऊन तो चक्कीकडे झोपायला गेला.

पहाटे गोळीबार नाही. संगिनींना आवाज नसतो. चक्कीच्या बाजूनं थोडं ओरडणं आलं आणि थांबलं. मग अंगणातले उत्तरवाले उत्तरेला पळत सुटले. मग दक्षिणेचे राखाडी कोट, रांगाच रांगा, परसातून, भाजीच्या वाफ्यातून. कॅप्टन पेटसनं जाता जाता टोपी उचलली. त्याच्यामागं त्याचे गोलंदाज बंदुका घेऊन पायी चालले होते.

मुलगी झाली. बाळंतीण सुखरूप. घराची एकही काच फुटली नाही.

केझाया चक्कीत गेली. स्टोल्ट्झ दारातच होता. सदरा आता पांढरा नव्हता. तिनं त्याला काखेत धरून ओढून पाहिलं, हलला नाही. खड्डा खणायला पुरुषमाणूस हवा होता, आणि सगळे पुढे निघून गेले होते. टेकडीवर कुणीतरी असेलच, तिला वाटलं. तोफा एकट्या कोण सोडतं?

ती गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली आणि टेकडी चढली.

कुणी नव्हतं. तोफा होत्या. तिन्ही तोंडं अजून तिच्या घरावर, ज्याच्या आत आता पाळणा होता. तिला ते बघवेना. लोखंड आपल्यानं हलायचं नाही हे ठाऊक असूनही तिनं पहिल्या तोफेला खांदा लावला, निदान तोंड तरी वळावं म्हणून.

तोफ एका धक्क्यात चाकांवरून घरंगळली आणि गवतात उलटी पडली. खालच्या अंगाला डांबर फासायची तसदी कुणी घेतली नव्हती. तिथं पाइनच्या ओंडक्याची साल तशीच होती.