साहेबांच्या खुंट्या

ते साल माझ्या थोरल्या बहिणीच्या, गोदूच्या लग्नाचं, १९५३. अंबरनाथच्या बाजारातली गाड्यांची कोंडी चुकवून निर्वासितांच्या कॅम्पाकडे जाणारा नवा रस्ता आखायला मोजणीचे साहेब आमच्या खरवईत आले. त्यांनी माळावर खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी पाहतात तर सगळ्या खुंट्या आमच्या भातशेतात.

"हा चावटपणा कुणाचा?"

"माजाच, सायेब," बाबा म्हणाले. "मालावरशी लांब वलसा परतं. माजे शेतानशी सरल जाल."

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "गावोगाव लोक खुंट्या उपटून शेजाऱ्याच्या शेतात टाकतात, बुधाजी. स्वतःच्या शेतात आणणारा तूच भेटलास."

"येरा झालाय त्यो, डोकं फिरलंय!" बांधावरून चुलती ओरडली. "पोरीचं लगीन तोंडावर, नि मंग खाशील काय रं, डांबर?"

एक खुंटी कलली होती, ती बाबा दगडाने ठोकत राहिले.

आदल्या साली बाळंतपणात अडलेल्या आईला आम्ही कॅम्पातल्या दवाखान्यात नेत होतो. अंबरनाथच्या बाजारात ट्रकांमागे आमची बैलगाडी अडकली. तिथेच, गाडीत, माझी आई पुतळाबाई वारली. १९५२ चा फाल्गुन होता.