पर्यायी मार्ग

डबा आजही उशिरा आला. मास्तरांची बायको दुकानाच्या दारात उभी होती. चपला धुळीने पांढऱ्या झालेल्या, केस कपाळाला चिकटलेले.

"पुन्हा फिरवलं मला," ती म्हणाली. "गल्लीचं तोंड बंद. इकडून गेलं की तिकडून जा म्हणतात, तिकडून गेलं की इकडून."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. शिंप्याचं हे दुकान मोठ्या रस्त्यावर आणि घर मागच्याच गल्लीत. औषधांच्या दुकानापाशी वळलं की आलंच. गॅसवर दूध ठेवून निघावं आणि ते उतू जायच्या आत परत जावं, इतकं जवळ.

पण रस्ता खणायला घेतला तेव्हापासून जवळ-लांब कशालाच अर्थ उरला नव्हता. सकाळी लावलेला बाण दुपारी उलट्या तोंडाचा असायचा. 'पर्यायी मार्ग' अशी एक पाटी शेजारच्या न्हाव्याच्या दाराकडे वळवलेली होती. एक आजोबा खरोखरच आत शिरले आणि मागचं दार शोधत बसले. शेवटी न्हाव्याने त्यांची दाढी करून दिली. पोस्टमन मास्तरांचं टपाल न्हाव्याकडे टाकायचा आणि न्हाव्याचं मास्तरांकडे. कधी नळाला पाणी नाही, कधी वीज नाही. गिऱ्हाइकं फोन करून विचारायची, "मास्तर, दुकान आहे ना जागेवर?" एक नवरदेव सुटाचं माप द्यायला निघाला तो रस्ता शोधून शोधून दमला आणि घरी परत गेला.

मग बायकोचं तरी काय वेगळं? कधी डब्यातला एक कप्पा रिकामा निघायचा. पाणी नव्हतं ना, सगळीच गडबड झाली, ती म्हणायची. भाजीत मीठ नसलं तर मास्तर स्वतःच म्हणायचे, या आवाजात माणूस मीठ तरी किती लक्षात ठेवणार! मध्ये एकदा तिने दारातच विचारलं होतं, "अहो, यांनी आपलं घरही हलवलं की काय?" मास्तर इतके हसले की तोंडात धरलेली टाचणी पोटात जायची तेवढी राहिली. न्हाव्याला सांगितलं तेव्हा तोही पोट धरून हसला.

मास्तर स्वतः सकाळी काम सुरू व्हायच्या आधी दुकानात यायचे आणि काम थांबल्यावरच घरी जायचे. तेव्हा गल्ली मोकळीच दिसायची. दिवसा बंद करत असतील, असं त्यांनी धरून चाललं होतं.

आज मात्र तिच्या हातातून डबा घेताना त्यांना तिचं खरचटलेलं कोपर दिसलं.

"पडलीस?"

"खडी होती," ती म्हणाली. त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

मास्तरांचं डोकं सणकलं. "बस इथं," म्हणाले, आणि गळ्यातली टेप तशीच ठेवून रस्त्यावर उतरले.

कामावरची इंजिनीअर रोलरपाशी उभी होती. वयाने लहान, डोक्यावर पिवळं हेल्मेट. काम सुरू व्हायच्या आधी हीच पोरगी प्रत्येक दुकानात येऊन समजावून गेली होती. धूळ उडेल, आवाज होईल, गाड्या लांब लावाव्या लागतील. पण पायी जायची वाट कायम उघडी राहील.

"वाट उघडी राहील म्हणाला होतात ना?" मास्तर रोलरच्या आवाजावर ओरडले. "माझी बायको रोज उन्हात वणवण करते. आज पडली! गल्ली बंद करायची तर निदान आधी सांगत जा."

"कुठली गल्ली, काका?"

"आमची. औषधांच्या दुकानापाशची."

तिने रोलरवाल्याला हाताने थांबायची खूण केली. एकदम शांत झालं.

"ती गल्ली आम्ही एकदाही बंद केलेली नाही."

मास्तरांनी मान वळवून पाहिलं. गल्लीतून एक सायकल बाहेर आली. तिच्यामागून पिशवी घेतलेली एक बाई रमतगमत बाहेर आली.

"काका," इंजिनीअरने आवाज खाली आणला, "काकू रोज पलीकडच्या चौकात उभ्या असतात. हातात डबा घेऊन. आमची माणसं त्यांना तुमच्या दुकानापाशी आणून सोडतात. आज आमचं तिकडचं काम आटपलं, त्यामुळे तिथे कोणी नव्हतं." ती जरा घुटमळली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

भांडायला आलेला माणूस तसाच परत फिरला.

दुकानात बायकोने स्टुलावर डबा मांडून ठेवला होता. "जेवून घ्या, गार झालंय," ती म्हणाली. मास्तर जेवले. जेवण कसं होतं ते त्यांना कळलं नाही. मग ते उठले आणि त्यांनी शटर ओढून घेतलं.

"हे काय? दुकान?"

"राहू दे. तुला घरी सोडतो."

दोघं कडेकडेने चालू लागले. औषधांचं दुकान आलं तशी तिची पावलं मंदावली. तिने समोर पाहिलं नाही. मास्तरांचे पाय कुठे वळतात ते पाहिलं, आणि मग तीही वळली.

मास्तरांनी तिचा हात धरला. भर रस्त्यात त्यांनी असा हात कधी धरला नव्हता. ती थांबली. त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, मग मागे वळून खणलेल्या रस्त्याकडे.

"अहो, हे काम एवढ्यात संपणार नाही ना?" तिने हळूच विचारलं. "सगळेच चुकतायत, तोवर बरं आहे."